परत पाठवलेल्या पाण्याची खबर

न्यूझीलंडमधल्या वैराकेई इथे १९५८ साली भूऔष्णिक वीजकेंद्र सुरू झाले, तेव्हा वापरून झालेल्या पाण्याचे पुढे काय करायचे हा प्रश्न कुणाला फारसा पडला नव्हता. जमिनीखालचे उकळते पाणी वर आणायचे, त्यातली वाफ वेगळी काढून टर्बाइनवर घ्यायची आणि उरलेले पाणी शेजारच्या वायकाटो नदीत सोडायचे, अशी सरळ व्यवस्था होती. पुढच्या काही दशकांत तिथे जमिनीखालचा दाब सुमारे २५ बारने उतरला. जवळच्या खोऱ्यातली उष्णोदकाची कारंजी आटली. एका भागात तर जमीन खचत खचत जवळपास १५ मीटर खाली गेली. पाण्याबरोबर येणारे आर्सेनिक वर्षानुवर्षे नदीत मिसळत राहिले, ते वेगळेच.

हे एकट्या वैराकेईचे नव्हते. एल साल्वादोरमधल्या आउआचापान क्षेत्रात १९७५ साली वीजनिर्मिती सुरू झाली. तिथले खारट पाणी समुद्रात नेऊन सोडण्यासाठी प्रशांत महासागरापर्यंत सुमारे ८० किलोमीटरचा कालवा बांधावा लागला. तुर्कस्तानातल्या किझिलदेरे केंद्राचे पाणी १९८४ पासून ब्युयुक मेंदेरेस नदीत जाऊ लागले आणि त्यातल्या बोरॉनमुळे खालच्या बागायती शेतीत तक्रारी सुरू झाल्या. बोरॉन पिकाला थोडे लागतेच, पण जास्त झाले की पानांच्या कडा करपतात. या अनुभवांतून जगभर एक नियम रुळला: वर काढलेले पाणी शक्यतो जमिनीतच परत सोडायचे. आपण विहीर पुनर्भरण, बोअर पुनर्भरण म्हणतो, त्याच जातीचे हे काम. फरक इतकाच की इथे पाणी शंभर-दीडशे अंशांचे, खारट आणि दाबाखालचे असते.

पाणी परत सोडावे की नाही, हा वाद आता संपला आहे. कुठे सोडावे, किती खोल आणि किती गरम असताना सोडावे, हा वाद मात्र प्रत्येक क्षेत्रात नव्याने उभा राहतो. उत्पादन विहिरींच्या फार जवळ सोडले, तर निवलेले पाणी भेगांतून धावत त्या विहिरींत शिरते आणि त्या थंड पडतात. फार लांब सोडले, तर घाण पाण्याची विल्हेवाट लागते, पण जमिनीखालच्या गरम पाण्याच्या साठ्याचा दाब सावरत नाही. या दोन टोकांमधली जागा शोधताना सर्वांत भरवशाचा आधार पाण्याच्या रासायनिक तपासणीचा आहे, असे मला ठामपणे वाटते. तापमापकाला काही कळण्याच्या कितीतरी आधी पाण्यातले क्षार बदललेले असतात.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. परत सोडलेले पाणी तापलेल्या खडकातून जाताना वाटेत उष्णता घेते. सुरुवातीला पुनर्भरण विहिरीलगतचा खडक निवतो, मग त्यापुढचा, मग त्याच्याही पुढचा. त्यामुळे प्रत्यक्ष पाणी उत्पादन विहिरीपाशी पोचले, तरी ते वाटेत तापून आलेले असते आणि विहिरीचे तापमान जसेच्या तसे राहते. थंडावा मागून येतो. सच्छिद्र खडकात तो पाण्याच्या कित्येक पट उशिरा पोचतो. एखाददुसऱ्या रुंद भेगेतून मार्ग असेल तर खडकाशी संपर्क कमी, उष्णता कमी मिळते आणि थंडावा पाण्याच्या पाठोपाठच येऊन थडकतो. पाणी पोचल्यापासून थंडावा पोचेपर्यंत जी मुदत मिळते, तेवढीच काय ती केंद्र चालवणाऱ्यांच्या हातात असते, आणि ती चालू झाल्याचे फक्त रसायनावरून कळते.

त्यात पहिला मान क्लोराइडचा. क्लोराइड खडकाशी फारशी देवघेव करत नाही, वाफेबरोबर उडून जात नाही, शिवाय मोजायला सोपे. समजा साठ्यातल्या पाण्यात किलोमागे ४००० मिलिग्रॅम क्लोराइड आहे. वर आल्यावर त्यातल्या पाचव्या हिश्शाची वाफ झाली, तर उरलेल्या पाण्यात ते ५००० होते. हे पाणी परत जमिनीत सोडले. काही महिन्यांनी एखाद्या उत्पादन विहिरीत साठ्याचे क्लोराइड ४२५० भरले, तर त्या विहिरीत येणारे चौथा हिस्सा पाणी परतीचे आहे, असा हिशेब निघतो. पण गणित इथे थांबत नाही. ४२५० चे पाणी पुन्हा वाफ देऊन ५३०० च्या पुढे जाते आणि तेच पुन्हा जमिनीत जाते. म्हणजे परतीच्या पाण्याची खूण स्वतःच वर्षागणिक बदलत असते. पुनर्भरण होणाऱ्या पाण्याचीही नियमित तपासणी नसेल, तर उत्पादन विहिरीच्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकतो. बऱ्याच ठिकाणी नेमका हाच भाग दुर्लक्षित राहतो.

क्लोराइड वाढले म्हणजे परतीचे पाणीच आले, असेही नाही. दाब उतरला की साठ्यातले पाणी खडकातच उकळू लागते, वाफ वेगळी होते आणि मागे राहिलेल्या पाण्यात क्षार वाढतात. मग ओळखायचे कसे? विहिरीतून बाहेर पडणाऱ्या मिश्रणाची एकूण उष्णता, म्हणजे एन्थाल्पी, सोबत बघावी लागते. क्लोराइड आणि एन्थाल्पी दोन्ही वर गेले तर खाली उकळणे चालू आहे. क्लोराइड वर आणि एन्थाल्पी खाली, तर परतीचे पाणी आले आहे. क्लोराइडच खाली गेले आणि मॅग्नेशियम वाढले, तर वरच्या थरातले गोडे थंड पाणी आत घुसते आहे.

दुसरा आधार म्हणजे खडकाशी देवघेव करणारे घटक. गरम पाण्यात गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्झची, सिलिका विरघळते आणि तिचे प्रमाण तापमानावर ठरते. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणातले रॉबर्ट फोर्निए यांनी १९७० च्या दशकात यावरून साठ्याचे तापमान काढण्याची सूत्रे रूढ केली. सोडियम-पोटॅशियमच्या गुणोत्तरावरूनही तापमान निघते. न्यूझीलंडचे वेर्नर गिगेनबाख यांनी १९८८ मध्ये मॅग्नेशियमची भर घालून त्रिकोणी आलेख मांडला, तो आजही रोज वापरला जातो. या सूत्रांची खरी मजा त्यांच्या वेगातल्या फरकात आहे. सिलिका नव्या तापमानाशी लवकर जुळवून घेते, सोडियम-पोटॅशियमला मात्र बराच काळ लागतो. त्यामुळे एखाद्या विहिरीत सिलिकेवरून काढलेले तापमान घसरत असेल आणि सोडियम-पोटॅशियमचे जुन्याच जागी असेल, तर तिथे थंडावा नुकताच पोचू लागला आहे असे समजावे. दोन आकड्यांमधली वाढती दरी हीच धोक्याची सूचना.

हे सगळे नमुन्यावर अवलंबून, आणि नमुना घेणे हे कसबाचे काम आहे. विहिरीच्या तोंडाशी दाबाखालच्या पाइपला छोटा विभाजक लावतात. त्यातून वाफ एका तोंडाने आणि पाणी दुसऱ्या तोंडाने निघते. दोन्हींना बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या स्टीलच्या वेटोळ्यातून थंड करतात. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून घेतात. धातूंच्या तपासणीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल टाकतात, म्हणजे काही तळाशी बसत नाही. सिलिकेची बाटली जागेवरच शुद्ध पाण्याने पातळ करतात. तसे केले नाही तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सिलिकेचे कण एकमेकांना चिकटतात आणि आकडा कमी येतो. वाफेसाठी आतली हवा काढलेली काचेची बाटली लागते, तिच्यात दाहक सोडा असतो. वाफ आत जाताच कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड सोड्यात शोषले जातात, वरच्या मोकळ्या जागेत नायट्रोजन, हायड्रोजन, मिथेन, अरगॉन उरतात. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, सडक्या अंड्याच्या वासात हे सारे करायचे असते. विभाजकात वाफ आणि पाणी नीट वेगळे झाले नाही, तर पुढची सगळी यंत्रे कितीही महाग असोत, आकडे निरुपयोगी ठरतात.

या पद्धतींची कसोटी सर्वांत चांगली लागली ती फिलिपीन्समध्ये. नेग्रोस बेटावरच्या पालिनपिनोन इथे १९८३ साली ११२.५ मेगावॉटचे केंद्र सुरू झाले. डोंगराळ मुलखात सपाट जागा कमी, त्यामुळे पुनर्भरण विहिरी उत्पादन विहिरींच्या जवळच खणल्या गेल्या. काही काळातच अनेक उत्पादन विहिरींत क्लोराइड चढू लागले. किरणोत्सारी आयोडीन-१३१ सोडून केलेल्या चाचण्यांत वाटाही उघड झाल्या. मग ज्या पुनर्भरण विहिरींचे पाणी लवकर परत येत होते त्यांचा वापर कमी केला आणि पाणी टप्प्याटप्प्याने लांब नेले. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी नियमाने ठेवलेल्या नोंदी पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात मिशेल सुलेरा आणि रोलंड हॉर्न यांनी वापरल्या. कोणत्या पुनर्भरण विहिरीत किती पाणी गेले आणि कोणत्या उत्पादन विहिरीत क्लोराइड किती हलले, याचा संख्याशास्त्रीय संबंध त्यांनी २००१ साली मांडला. वेगळी चाचणी न करता, नेहमीच्याच नोंदींतून भूगर्भातल्या वाटा ओळखण्याचा हा प्रयत्न मला या विषयातल्या सर्वांत मोलाच्या कामांपैकी एक वाटतो. कारण त्याला लागते ते फक्त सातत्य, आणि नेमकी तीच गोष्ट पैसे टाकून मागाहून मिळवता येत नाही.

त्याच देशात लुझोन बेटावरच्या तिवी क्षेत्राची गोष्ट उलटी. तिथे दाब उतरल्यावर वरचे थंड भूजल आत शिरले, क्लोराइड पातळ झाले आणि एका भागातल्या विहिरी हळूहळू निकामी झाल्या. जपानच्या हाचोबारूमध्ये पुनर्भरणाचे पाणी उत्पादन विहिरींवर आल्याने निर्मिती घटली.

कोरड्या वाफेच्या क्षेत्रांचे शास्त्र थोडे वेगळे. कॅलिफोर्नियातल्या ‘द गीझर्स’मध्ये १९६० पासून वीज तयार होते. तिथे खालून पाणी येतच नाही, निव्वळ वाफ येते. टर्बाइनमधून गेल्यावर ती थंड होऊन पाणी बनते, पण शीतक मनोऱ्यांतून त्यातला सत्तर-ऐंशी टक्के भाग हवेत उडून जातो. उरलेले तेवढेच जमिनीत परतायचे. १९८७ मध्ये निर्मिती शिखरावर पोचली आणि लगेच दाब कोसळू लागला. उष्णता भरपूर शिल्लक होती, खडक तापलेला होता, कमी पडत होते ते पाणी. त्यावर निघालेला तोडगा मला फार आवडतो. १९९७ मध्ये लेक काउंटीचे आणि २००३ च्या अखेरीस सांता रोसा शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी लांबलांबच्या पाइपलाइनींनी डोंगरावर आणून जमिनीत सोडायला सुरुवात झाली. शहरांचा सांडपाण्याचा प्रश्न हलका झाला आणि वाफेची घसरण बरीच थोपली.

इथे क्लोराइडचा उपयोग नाही, कारण वाफेत ते जवळजवळ नसतेच. मग खूण सापडली ती पाण्याच्या रेणूतच. शीतक मनोऱ्यात पाणी उडताना हलके रेणू आधी जातात, त्यामुळे उरलेल्या पाण्यात ऑक्सिजन-१८ आणि ड्यूटेरियम हे जड समस्थानिक वाढतात. हे पाणी जमिनीत जाऊन पुन्हा वाफ झाले की ती वाफही तुलनेने जड असते, आणि कोणत्या विहिरीत किती परतीची वाफ आहे हे त्यावरून काढता येते. दुसरी खूण वायूंची. परत सोडलेल्या पाण्यात विरघळलेले वायू नसल्यातच जमा, म्हणून त्यापासून झालेल्या वाफेत कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड कमी असतात. काही भागांतल्या वाफेत हायड्रोजन क्लोराइड असे, त्याने विहिरींचे लोखंडी आवरण खाल्ले जाई. पुनर्भरणाने तेही कमी झाले. रासायनिक निरीक्षणामुळे झालेला फायदा आकड्यांत दाखवणे एरवी अवघड असते, इथे तो विहिरींच्या आयुष्यात दिसतो.

मुद्दाम सोडायच्या खुणांबद्दल थोडक्यात. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे, म्हणून ते जवळच्या वाटांसाठीच ठीक. ट्रिशियम बारा वर्षांहून जास्त टिकते. फ्लुओरेसीन हा हिरवट चमकणारा रंग स्वस्त आहे, पण फार गरम साठ्यात विघटित होतो. आता युटा विद्यापीठातल्या संशोधनातून पुढे आलेली नॅप्थॅलीन सल्फोनेट संयुगे जास्त वापरली जातात, कारण ती ३०० अंशांच्या आसपासही तग धरतात आणि प्रत्येक विहिरीत वेगळे संयुग सोडता येते. वाफेच्या क्षेत्रात शीतयंत्रातला आर-१३४ए वायू याच कामी येतो.

पाण्याचा मार्ग कळला तरी ते आत जात राहिले पाहिजे, आणि तिथे सिलिका आडवी येते. २५० अंशांच्या साठ्यात क्वार्ट्झशी समतोल राखणाऱ्या पाण्यात किलोमागे साधारण ४९० मिलिग्रॅम सिलिका असते. १६० अंशांवर वाफ वेगळी केली तर उरलेल्या पाण्यात ती सुमारे ६०० होते. त्या तापमानाला पाणी साधारण ६८० पर्यंत स्फटिकरूप नसलेली सिलिका विरघळलेली ठेवू शकते, म्हणजे अजून धोका नाही. आता जास्त वाफ मिळावी म्हणून तेच पाणी १०० अंशांपर्यंत उतरवले, तर सिलिका ६९० च्या घरात जाते आणि पाण्याची क्षमता ३६५ वर येते. सिलिका निम्मीच मावते, बाकीची गिझरच्या कॉइलवर क्षार बसावा तशी पाइपात आणि विहिरीच्या भेगांत बसू लागते. पहिल्या वर्षी भरभरून पाणी पिणारी पुनर्भरण विहीर काही वर्षांत निम्मेही घेईनाशी होते. यावर पाणी गरम असतानाच परत सोडणे, थोडे सल्फ्युरिक आम्ल घालून सिलिकेचे जमणे लांबवणे, तळ्यात आधी ती खाली बसू देणे असे उपाय आहेत. आइसलँडच्या स्वार्त्सेंगी केंद्राने १९७६ पासून लाव्हाच्या माळावर सोडलेल्या पाण्यातल्या सिलिकेने तिथल्या भेगा बुजल्या, पाणी साठले आणि आज जगभरचे पर्यटक ज्यात डुंबतात ते ‘ब्लू लगून’ तयार झाले. जास्त वाफेचा मोह आणि पुनर्भरण विहिरीचे आयुष्य यांतली निवड दरवेळी हिशेबानेच करावी लागते, आणि माझा कौल गरम पाणी परत सोडण्याकडे आहे. आज सोडून दिलेली थोडी वीज उद्या नवी विहीर खणण्यापेक्षा स्वस्त पडते.

भूकंपांचा विषय टाळता येणार नाही. आइसलँडच्या हेल्लिशेइदी केंद्राने सप्टेंबर २०११ मध्ये हुस्मूली भागात पुनर्भरण सुरू केले आणि ऑक्टोबरमध्ये सुमारे ४ तीव्रतेचे दोन धक्के बसले. शेजारच्या ह्वेराग्येर्दी गावातल्या लोकांना ते जाणवले. गीझर्समध्ये बारीक धक्के नित्याचेच. स्वित्झर्लंडच्या बाझेलमधला २००६ चा आणि दक्षिण कोरियातल्या पोहांगचा २०१७ चा ५.५ तीव्रतेचा भूकंप मात्र वेगळ्या जातीचे. तिथे घट्ट खडकात मुद्दाम दाबाने भेगा पाडल्या जात होत्या. हे दोन प्रकार एकाच माळेत ओवणे शास्त्राला धरून नाही, तसेच पुनर्भरणाने काहीच होत नाही असे सांगणेही नाही. पाणी किती वेगाने सोडायचे, हा निर्णय रसायनशास्त्रज्ञ आणि भूकंपशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून घेण्याचा आहे.

त्याच हेल्लिशेइदीमध्ये पुनर्भरणाचा एक वेगळा उपयोगही दिसला. २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसॉल्ट खडकात सोडला. कार्बन-१४ आणि इतर खुणांच्या आधारे तपासल्यावर दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग खनिज बनून खडकात बसल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. परत पाठवलेले पाणी कुठे जाते हे तपासण्यासाठी घडलेले तंत्र इथे हवामानाच्या कामी आले.

मग पाणी जवळ सोडावे की लांब? ऑकलंड विद्यापीठातल्या काया, झरूक आणि ओ’सलिव्हन यांनी २०११ मध्ये जगभरच्या क्षेत्रांचा आढावा घेतला. वाफेच्या क्षेत्रात मधोमध पुनर्भरण फायद्याचे ठरते, पाण्याच्या क्षेत्रात आत आणि कडेला असे मिश्र पुनर्भरण आणि सतत फेरबदल लागतात, असा त्यांचा सूर होता. मला त्यातला ‘सतत फेरबदल’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुनर्भरणाची योजना आराखड्यात एकदाच ठरत नाही. संगणकीय प्रारूपे उपयोगी आहेत, पण क्लोराइड आणि खुणांच्या नोंदींशी ताळमेळ घातलेला नसेल तर ती फक्त छान चित्रे काढतात. न्यूझीलंडमध्ये परवान्याच्या अटींतच निरीक्षण सक्तीचे असते आणि वैराकेईसारख्या ठिकाणी स्वतंत्र तज्ज्ञांचे मंडळ अहवाल तपासते. अनेक देशांत मात्र हे आकडे कंपनीच्या कपाटात राहतात. जमिनीखालचे पाणी सर्वांचे असताना त्याच्या तपासणीचे निकाल गुप्त राहावेत, हे मला मान्य नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आता दारात आला आहे. लडाखमध्ये सुमारे ४४०० मीटर उंचीवरच्या पुगा खोऱ्यात प्रायोगिक केंद्र उभारण्यासाठी २०२१ मध्ये ओएनजीसीने तिथल्या प्रशासनाशी करार केला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये खोदकामाच्या वेळी गरम द्रव पुढे सिंधूला मिळणाऱ्या ओढ्यात वाहून आल्याच्या बातम्या आल्या. त्या पाण्यात बोरॉन भरपूर आहे. टाकणखाराचे जुने साठे असलेल्या या खोऱ्याला ते अपरिचित नाही, पण ओढ्याच्या पाण्यावर जगणारी कुरणे आणि जनावरे यांच्यासाठी पुनर्भरण पहिल्या दिवसापासूनच हवे.

कोकणात गणेशपुरी-अकलोलीपासून उन्हवरे, तुरळ-राजवाडी, राजापूरपर्यंत गरम झऱ्यांची ओळ आहे. आयआयटी मुंबईचे डी. चंद्रशेखरम यांनी त्यांच्यावर दीर्घकाळ काम केले. यातल्या काही झऱ्यांतले मीठ आजच्या समुद्राचे, जुन्या अडकलेल्या समुद्रजलाचे की खालच्या खडकाचे, यावर चर्चा अजून चालू आहे. मुंबईतच भाभा अणुसंशोधन केंद्रात समस्थानिक जलविज्ञानाचे पक्के तंत्र उपलब्ध आहे. उद्या इथे लहान केंद्र आले, तर झऱ्यांवर परिणाम झाला की नाही हे ठरवायला आधीचे आकडे लागतील, आणि ते खोदकाम सुरू झाल्यावर मिळवता येत नाहीत. म्हणून आजच प्रत्येक झऱ्यावर मे आणि नोव्हेंबरमध्ये, भरती-ओहोटीची वेळ लिहून, क्लोराइड, सिलिका, मॅग्नेशियम, बोरॉन, तापमान आणि विसर्ग मोजावा, ऑक्सिजन-१८ आणि ड्यूटेरियमची बाटली सोबत भरावी, आणि हे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि संकेतस्थळावर दोन्हीकडे लावावेत.